प्रवाळबेटं बुडतात की सरकतात?

तुवालू हा प्रशांत महासागरातला जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीचा देश. 2025 मध्ये त्याची बातमी आपल्याकडेही झळकली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना तिथे कायम राहण्याचा परवाना मिळणार होता. त्यासाठीच्या पहिल्याच सोडतीत देशातल्या एक-तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. त्याआधी 2021 मध्ये तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून जगाला भाषण ऐकवलं होतं. मालदीवचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी तर 2009 मध्येच समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती. बेटं बुडत आहेत, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते अशा बातम्यांमुळे.

आणि याच तुवालूबद्दल 2018 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुवालूच्या 101 बेटांची 1971 पासूनची हवाई छायाचित्रं आणि 2014 पर्यंतच्या उपग्रहप्रतिमा एकमेकांवर ठेवून किनारे मोजले. या काळात तिथली समुद्रपातळी जागतिक सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढत होती. तरीही 101 पैकी 73 बेटं मोठी झालेली निघाली, 28 लहान झाली, आणि देशाची एकूण जमीन 2.9 टक्क्यांनी वाढली होती.

हा आकडा बाहेर पडला आणि एका बाजूचे लोक म्हणू लागले, बघा, हवामानबदल हे थोतांड आहे. दुसऱ्या बाजूच्यांना तो आकडा इतका अडचणीचा वाटला की त्यांनी तो उच्चारायचंच टाळलं. माझ्या मते दोन्ही बाजूंची चूक एकच आहे. दोघंही बेटाला आपल्या गावच्या जमिनीसारखं, एका जागी घट्ट बसलेलं धरून चालतात. प्रवाळबेट मुळात तसं नसतं.

## बेटाखाली काय असतं?

प्रवाळ म्हणजे आपण ज्याला पोवळं म्हणतो त्याचा जिवंत भाऊबंद. बोटाच्या पेराहूनही लहान असे मऊ जीव वसाहत करून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचा कठीण सांगाडा तयार करतात. जुने मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर नवे वाढतात. हजारो वर्षांत या सांगाड्यांचा जो प्रचंड खडक उभा राहतो, त्याला प्रवाळभिंत म्हणू.

ही भिंत समुद्राच्या मधोमध, बांगडीसारख्या कड्याच्या आकारात का वाढते, हे कोडं चार्ल्स डार्विनने सोडवलं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडण्याच्या कितीतरी आधी, 1842 मध्ये, त्याने प्रवाळभिंतींवर पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं: आधी समुद्रात ज्वालामुखीचं बेट तयार होतं. त्याच्या काठाने उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात. ज्वालामुखी विझल्यावर डोंगर आपल्याच भाराने हळूहळू खचत जातो. प्रवाळांना सूर्यप्रकाश हवा असतो, म्हणून ते पृष्ठभागाजवळ राहण्यासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर पूर्ण बुडतो, त्याच्या काठाचं प्रवाळकडं तेवढं उरतं आणि मधल्या जागेत उथळ, शांत पाणी राहतं. या कड्याला कंकणद्वीप म्हणतात आणि मधल्या पाण्याला लगून.

डार्विनला हे सिद्ध करता आलं नाही. तुवालूच्या फुनाफुटी कंकणद्वीपावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीने भोक पाडून पाहिलं. तीनशे मीटरहून खोल गेले तरी प्रवाळाचाच चुनखडक लागत होता. अखेर 1952 मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर बाराशे मीटरहून जास्त खोलीवर काळा ज्वालामुखी खडक लागला, आणि एकशे दहा वर्षांनी डार्विनचं म्हणणं खरं ठरलं.

आपल्यासाठी यात एक जवळचा धागा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्णस्रोतातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येतो त्या जागेतून, दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला, त्याच्यावरूनच भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची एक लांबलचक रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटं त्या रांगेवर आहेत. तो उष्णस्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे सह्याद्रीचे कडे आणि मालदीवच्या तळाचा पाषाण यांचा उगम एकच मानला जातो. मालदीवजवळच्या समुद्रात घेतलेल्या भोकांत लागलेला काळा पाषाण (बेसॉल्ट) सुमारे 5.7 कोटी वर्षांचा आहे, दख्खनच्या पाषाणाहून थोडा तरुण.

## मग जमीन कुठून आली?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रवाळभिंत म्हणजे बेट नव्हे. प्रवाळ पाण्याबाहेर जगत नाहीत, त्यामुळे भिंतीचा माथा साधारण ओहोटीच्या पातळीपर्यंत येऊन थांबतो. त्याच्यावर, भरतीच्या वर डोकं काढणारी जी जमीन दिसते, जिच्यावर माड उभे असतात, घरं असतात, विमानतळाची धावपट्टी असते, ती सगळी वाळू, गोटे आणि प्रवाळांचे तुकडे यांची सुटी रास असते. लाटांनी आणून टाकलेली.

ही रास फार जुनीही नसते. शेवटचं हिमयुग संपताना समुद्र सुमारे 120 मीटर वर चढला. तो चढत होता तोवर भिंती त्याच्या मागोमाग वाढत होत्या. पातळी स्थिरावल्यावर, गेल्या पाचेक हजार वर्षांत, त्यांच्या माथ्यावर वाळू साठू लागली. मालदीवमधल्या ज्या बेटांचं वय तपासलं गेलं, त्यातली काही साडेपाच ते चार हजार वर्षांपूर्वी तयार झाली. भूगर्भशास्त्राच्या हिशेबात हे कालपरवाचं. आपल्याकडे सिंधूकाठची नगरं वसत होती त्याच्या थोडं आधी ही जमीन अस्तित्वातच नव्हती.

आणि तिची उंची? मालदीवची सरासरी उंची समुद्रपातळीपासून सुमारे दीड मीटर आहे. अख्ख्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरसुद्धा भरत नाही.

## वाळूचा जमाखर्च

प्रवाळबेट समजून घ्यायचं तर त्याच्याकडे खातेवहीसारखं पाहावं. एका बाजूला वाळूची जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि बेट म्हणजे आजची शिल्लक. शिल्लक स्थिर दिसली म्हणजे व्यवहार थांबलेत असं नसतं. जमा आणि खर्च दोन्ही चालू असतात आणि तूर्त एकमेकांना तोलून धरतात इतकंच.

जमेची बाजू फार देखणी आहे. नदीकाठची किंवा कोकणातल्या पुळणीवरची वाळू बहुतांशी खडक झिजून झालेली असते. प्रवाळबेटावर नदी नाही, डोंगर नाही. तिथला जवळजवळ प्रत्येक कण कुणा जिवाच्या शरीरातून आलेला आहे. मूठभर वाळू भिंगाखाली धरली तर त्यात प्रवाळांचे झिजलेले तुकडे दिसतात, शंखशिंपल्यांचे कपचे दिसतात, चुना साठवणाऱ्या एका हिरव्या शैवालाचे पांढरे चपटे पापुद्रे दिसतात. काही बेटांवर चांदणीच्या आकाराचे इवले कण दिसतात, काट्यांसकट. ती एकपेशीय जीवांची कवचं असतात. तुवालूसारख्या प्रशांत महासागरी बेटांच्या वाळूत या एकपेशीय जीवांचा वाटा मोठा आहे.

मालदीवमध्ये मात्र मुख्य कारागीर निराळा आहे. तो म्हणजे पोपटमासा. याचे दात एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. त्या चोचीने तो प्रवाळखडकावरचं शैवाल खरवडतो. खरवडताना खडकाचा चुराही तोंडात येतो. घशातल्या दुसऱ्या दातांच्या चक्कीत तो आणखी बारीक दळला जातो, त्यातला पोषक भाग पचतो आणि उरलेली पांढरी वाळू विष्ठेवाटे बाहेर पडते. पाण्याखाली हे दळण ऐकूसुद्धा येतं: कट्, कट्, कट्. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. मालदीवच्या वक्करू बेटाभोवती क्रिस पेरी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मोजमाप प्रसिद्ध केलं. भिंतीच्या बाहेरच्या माथ्यावर तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची होती.

खर्चाची बाजू कमी देखणी आहे. लाटा आणि प्रवाह काही वाळू भिंतीच्या कडेवरून खोल समुद्रात ढकलतात. ती परत येत नाही. काही लगूनमध्ये जाऊन बसते. काही कणांचा चुना पाण्यात विरघळतो. आणि जिथे माणूस आहे तिथे बांधकामासाठी उपसली जाणारी वाळू हाही खर्चच.

## किनारा एका जागी का राहत नाही?

कोकणात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात उधाणाने पुळण खचते, आतले दगड उघडे पडतात, आणि दिवाळीपर्यंत समुद्र बरीचशी वाळू परत आणून टाकतो. प्रवाळबेटाला सगळ्याच बाजूंनी समुद्र असल्यामुळे तिथे याहून पुढची गोष्ट घडते. मालदीवमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की लाटा पश्चिमेकडून येतात आणि वाळू बेटाच्या पूर्वेकडे जमू लागते. ईशान्येचे वारे आले की उलट प्रवास. गोलाकार भिंतीवरच्या बेटांत हा फेरा सर्वांत ठळक असतो. जून महिन्यात पाहिलेली रुंद पुळण जानेवारीत बेटाच्या दुसऱ्या अंगाला गेलेली असते. म्हणूनच एका फोटोवरून 'बेटाची धूप' ठरवणं धोक्याचं. तो फोटो कोणत्या ऋतूतला आणि कोणत्या बाजूचा, हे आधी विचारायला हवं.

वादळं हा दुसरा मोठा कर्ता. आपण चक्रीवादळाकडे फक्त विध्वंस म्हणून पाहतो, आणि माणसाच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण बेटाच्या वहीत वादळाची नोंद कधी खर्चाला पडते, कधी जमेला. ऑक्टोबर 1972 मध्ये 'बेबे' हे चक्रीवादळ फुनाफुटीवर आदळलं. घरं गेली, माणसं गेली. आणि एका रात्रीत लाटांनी भिंतीच्या बाहेरच्या उतारावरून मोडलेले प्रवाळ उपसून किनाऱ्यालगत त्यांचा बांध घातला. सुमारे 19 किलोमीटर लांब, काही ठिकाणी चार मीटरपर्यंत उंच. पुढच्या काही वर्षांत साध्या लाटांनी हा बांध ढकलत ढकलत बेटाला जोडून टाकला. फुनाफुटीच्या जमिनीत त्या रात्री जी भर पडली, ती कित्येक शांत वर्षांत पडली नसती.

लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटाच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर आजही प्रवाळगोट्यांचा लांबलचक उंचवटा दिसतो. 1847 च्या भीषण वादळाने तो तिथे रचला. त्याच वादळाने बेटावर हाहाकार उडवला होता.

उलट उदाहरणही आहे. हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य भागात ईस्ट आयलंड नावाचं सुमारे साडेचार हेक्टरांचं वाळूचं बेट होतं. हिरव्या कासवांची अंडी घालण्याची ती फार महत्त्वाची जागा. ऑक्टोबर 2018 मध्ये 'वलाका' चक्रीवादळ आलं आणि बेट जवळपास नाहीसं झालं. नंतरच्या काळात तिथे थोडी वाळू परत जमली.

एकाच प्रकारच्या घटनेचे हे दोन टोकाचे परिणाम कसे? ढोबळ उत्तर असं की गोट्यांनी बनलेल्या बेटाला वादळ बहुधा भर घालतं आणि बारीक वाळूच्या बेटाला बहुधा ओरबाडतं. बेट भिंतीवर कुठे बसलंय, भिंतीचा माथा किती रुंद आहे, झाडी किती दाट आहे, यावरही बरंच ठरतं. 2004 ची त्सुनामी मालदीववरून गेली तेव्हा तिथल्या बा कंकणद्वीपातल्या निर्जन बेटांवर शास्त्रज्ञांनी आधीच मोजमापं घेऊन ठेवलेली होती. पुन्हा जाऊन पाहिलं तर काठ थोडे तुटले होते, पण बेटांच्या वरच्या भागावर वाळूचा नवा थर पसरला होता. बेट उंच होतं ते असंच. पाणी वरून वाहून जातं, वाळू मागे ठेवतं.

## समुद्र वर आला की बेट सरळ बुडेल ना?

हा सर्वांत स्वाभाविक प्रश्न. दीड मीटर उंचीचं बेट आणि एक मीटर वाढणारा समुद्र ही साधी वजाबाकी आहे असं वाटतं. पण सुटी रास पाण्याबरोबर आपला आकार बदलते. फुनाफुटीच्याच फटाटो या बेटाची 1:50 प्रमाणातली प्रतिकृती संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या लाटांच्या टाकीत तयार केली आणि पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने वाढवली. लाटा माथ्यावरून जाऊ लागल्या, समुद्राकडची वाळू-गोटे उचलून माथ्यावर टाकू लागल्या. बेट उंच झालं आणि लगूनच्या दिशेने मागे सरकलं. ते बुडालं नाही, जागा बदलून राहिलं.

व्हर्जिनी डुव्हा या फ्रेंच संशोधिकेने 2019 मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या 30 कंकणद्वीपांवरच्या 709 बेटांची उपलब्ध मोजमापं एकत्र करून पाहिली. 88.6 टक्के बेटं एकतर स्थिर होती किंवा वाढली होती. दहा हेक्टरांपेक्षा मोठं एकही बेट घटलेलं नव्हतं.

## मग एवढी काळजी कशाला?

कारण बेट टिकणं आणि बेटावर माणूस टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेली उंची वाढण्याची क्रिया पुन्हा वाचा: लाटा माथ्यावरून जातात. त्या माथ्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. निर्जन बेटासाठी जी दुरुस्ती आहे, ती वस्तीसाठी पूर आहे.

आधी पाण्याचं बघू. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. बेटाखाली गोड्या पाण्याचा हा एक पातळ, भिंगाच्या आकाराचा साठा असतो. विहिरी, माड, केळी, सगळं त्याच्या आधाराने जगतं. एकदा समुद्र वरून वाहून गेला की खारं पाणी वरून झिरपतं आणि साठा नासतो. पुरेसा पाऊस पडला तर काही काळाने तो पुन्हा गोडा होतो. पण दोन पुरांमधलं अंतर त्या काळापेक्षा कमी झालं, तर विहीर कायमची जाते. 2018 मध्ये कर्ट स्टोरलाझी आणि सहकाऱ्यांनी मार्शल बेटांतल्या रोई-नामूरचा अभ्यास करून म्हटलं की या शतकाच्या मध्याच्या आसपासच अनेक कंकणद्वीपांवर राहणं अशक्य होऊ शकेल. जमीन पाण्यावर दिसत असेल, पण प्यायला पाणी नसेल. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला, आणि मग मिनिकॉय आणि अगत्तीलाही. बेटावरची विहीर किती नाजूक असते, हे त्यावरून कळावं.

जागेचंही तसंच. तुवालूची जमीन 2.9 टक्क्यांनी वाढली, पण ती वाढ कुठे झाली? लगूनच्या कोपऱ्यात वाळूची जीभ लांबली, एखाद्या निर्जन बेटाला शेपूट फुटलं. ज्याच्या घराखालची जमीन गेली, त्याला दुसऱ्या बेटाच्या टोकाला आलेली उघडी वाळू उपयोगाची नाही. नवी वाळू घर बांधण्याइतकी स्थिर व्हायला, तिच्यावर झाडी धरायला वेळ लागतो. क्षेत्रफळाचा आकडा हे सांगत नाही, आणि म्हणून त्याच्या जोरावर 'सगळं ठीक आहे' म्हणणं मला सरळ सरळ अन्याय वाटतो.

मुख्य म्हणजे आजवरची मोजमापं आजवरच्या वेगाची आहेत. 1901 ते 2018 या काळात जगाची समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार उत्सर्जन कमालीचं घटवलं तरी 2100 पर्यंत साधारण 30 ते 55 सेंटिमीटर आणि ते बेफाट वाढलं तर एक मीटरपर्यंत वाढ अपेक्षित आहे. पुढे काय होतं याची झलक सॉलोमन बेटांत दिसली. तिथे 1993 पासून समुद्र वर्षाला 7 ते 10 मिलिमीटर वेगाने वाढला, आणि 2016 मध्ये संशोधकांनी नोंदवलं की झाडी असलेली पाच प्रवाळबेटं पूर्ण नाहीशी झाली.

## आणि आपलं परळी बेट?

ही बातमी 2017 ची. लक्षद्वीपमधल्या बंगारम कंकणद्वीपावर परळी-1 नावाचं छोटं निर्जन बेट होतं. 1968 मध्ये त्याचं क्षेत्रफळ 0.032 चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वातीन हेक्टरांच्या आत. आर. एम. हिदायतुल्ला यांच्या पीएचडीच्या अभ्यासात ते पूर्ण धुपून गेल्याचं नोंदलं गेलं. परळी-2 चा 80 टक्के भाग गेला होता. तिन्नकरा, परळी-3 आणि बंगारम यांचीही साधारण 10 ते 14 टक्के जमीन घटली होती. आपण शाळेत 36 बेटं पाठ केली, त्यातलं एक गेलं.

जगातली बहुतेक बेटं स्थिर असताना एकाच कंकणद्वीपावरची पाचही बेटं घटावीत, हे मला फार बोलकं वाटतं. जगाची सरासरी कुठल्याही एका बेटाचं भविष्य सांगत नाही. प्रत्येक भिंतीची वही स्वतंत्र असते. तिथली लाटांची दिशा, वाळूचा पुरवठा, प्रवाळांची तब्येत हे त्या जागी जाऊन, वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कळत नाही. लक्षद्वीपवर असं मोजणारे मोजकेच आहेत. तिथल्या जिवंत प्रवाळांवर गेली पंचवीसहून जास्त वर्षं निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान, म्हणजे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, नोंदी ठेवत आहे. 1998 नंतरच्या सुमारे पाव शतकात जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आल्याचं त्या नोंदींतून दिसतं.

## प्रवाळ मेले तर तुकडे वाढतील, मग वाळू वाढेलच ना?

शंका हुशार आहे, आणि काही वर्षांपुरती बरोबरही. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातली रंगीत सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. शैवालांकडूनच त्यांना बहुतेक अन्न मिळत असल्यामुळे उष्णता लांबली तर ते उपाशी मरतात. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपला हे घडलं, 2024 मध्ये पुन्हा. मेलेले सांगाडे ठिसूळ होतात, मोडतात, आणि किनाऱ्याकडे येणारा माल खरोखरच वाढू शकतो.

पण हे मुद्दल मोडून खाणं झालं. नवे प्रवाळ वाढले नाहीत तर काही दशकांत मोडायला काही उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे भिंतीचा माथा झिजून खाली जातो. आज मोठी लाट भिंतीवर फुटते आणि बेटापर्यंत पोचेतो तिचा जोर बराचसा सरलेला असतो. माथ्यावरचं पाणी खोल झालं, मग ते समुद्र चढल्यामुळे असो की भिंत झिजल्यामुळे, तर तीच लाट न फुटता आत येते. जमा आटते आणि त्याच वेळी खर्च वाढतो.

## भिंत बांधून किनारा धरून ठेवता येणार नाही?

आपल्याकडे किनारा खचला की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवरही काँक्रीटचे टेट्रापॉड ओळीने टाकलेले दिसतात. घर वाचवायला दुसरा इलाज नसेल तिथे त्याला नावं ठेवणं योग्य नाही. पण प्रवाळबेटावर बंधाऱ्याची किंमत वेगळी असते. तो वाळूचं येणं-जाणं तोडतो. लाट माथ्यावर वाळू टाकू शकत नाही, त्यामुळे बेट उंच होत नाही. समुद्र चढतो, बेट तेवढंच राहतं, आणि बंधारा दर काही वर्षांनी उंच करावा लागतो. अडवलेली वाळू ज्या शेजारच्या किनाऱ्याला मिळणार होती, तो उपाशी राहतो.

किरिबातीच्या तारावा कंकणद्वीपावर याचा धडा मिळाला. तिथली दोन बेटं जोडणारा भरावाचा रस्ता 1980 च्या दशकात बांधला गेला. त्याने महासागर आणि लगून यांमधला प्रवाह बंद केला. लगूनमधलं बिकेमान नावाचं बेट वाळूविना झिजत गेलं आणि नाहीसं झालं. बातम्यांत त्याचं नाव समुद्रपातळीने गिळलेलं बेट म्हणून येत राहिलं. खरं तर ते रस्त्यामुळे गेलं.

मालदीवने दुसरा मार्ग धरला. मालेजवळ 1997 पासून समुद्रतळाची वाळू उपसून हुलहुमाले हे नवं, सुमारे दोन मीटर उंचीचं बेट रचलं. आज तिथे हजारो कुटुंबं राहतात. दाटीवाटीच्या माले शहराला त्याची गरज होतीच. पण हे करताना लगूनचा तळ उपसला जातो, गाळाने प्रवाळ गुदमरतात. राजधानीपुरतं हे परवडतं. वस्ती असलेल्या दोनशेच्या आसपास बेटांना एकेक हुलहुमाले बांधून देण्याइतके पैसेही नाहीत आणि वाळूही नाही.

## हातात काय आहे?

तापमानवाढ रोखणं हे बेटांच्या हातात नाही. तुवालू किंवा लक्षद्वीपच्या उत्सर्जनाने जगाचा पारा हलत नाही. तो आपल्यासारख्या मुख्य भूमीवरच्या, गाड्या आणि वीज वापरणाऱ्या लोकांचा हिशेब आहे. बेटांच्या हातात आहे ती आपली वही. किनाऱ्यालगतचा पट्टा मोकळा ठेवणं, म्हणजे वाळूला हलायला जागा राहील. धक्के आणि रस्ते खांबांवर उभे करणं, म्हणजे प्रवाह अडणार नाही. मालेजवळ अमेरिकेतल्या एमआयटीची एक प्रयोगशाळा स्थानिक संस्थेबरोबर 2019 पासून एक प्रयोग करते आहे: पाण्याखाली विशिष्ट आकाराचे कापडी अडथळे ठेवायचे आणि लाटांनी स्वतःच तिथे वाळू साठवावी असं पाहायचं. लाटेशी भांडण्याऐवजी तिच्याकडून काम करून घेण्याची ही दिशा मला पटते, जरी प्रमाण अजून लहान असलं तरी.

आणि मासे. बेलीझ देशाने 2009 मध्ये पोपटमासा आणि तशाच शैवालखाऊ माशांची मासेमारी पूर्ण बंद केली. लक्षद्वीपचं नशीब चांगलं की तिथली पिढीजात मासेमारी गळाच्या काठीने खोल पाण्यातला कुपा, म्हणजे ट्यूना, पकडण्याची आहे, त्यामुळे भिंतीवरचे मासे बरेचसे वाचले. अलीकडे मात्र मुख्य भूमीवरच्या बाजारासाठी भिंतीवरच्या माशांनाही मागणी वाढते आहे. पर्यटकांच्या ताटात कोणता मासा जातो आणि कोणता पाण्यात राहतो, हा तिथे जमिनीचा प्रश्न आहे. तो पंचायतीच्या, मत्स्यखात्याच्या आणि रिसॉर्टच्या पातळीवर आजच ठरवता येतो, त्यासाठी कुठल्याही जागतिक परिषदेची वाट पाहावी लागत नाही.